प्रेम, विनोद आणि थरार: भारतीय चित्रपटांच्या कथानकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आमचा चित्रपट पाहणाऱ्यांचा एक गट रविवारी सकाळी जमतो. कॉलेजातली पोट्टे-पोट्टी असतात, निवृत्त मास्तर असतात, पोरांना क्लासला सोडून तशाच आलेल्या आयाही असतात. चित्रपट कोणताही लावा, चर्चा फिरून फिरून त्याच प्रश्नांवर येते. नव्यानं येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते प्रश्न इथे उत्तरांसह मांडले आहेत. उत्तरं माझी आहेत. गटातल्या सगळ्यांना ती मान्य आहेत असं नाही आणि तसा आग्रहही नाही.

इथे शेवट सांगून टाकले आहेत का?

काही सांगितले आहेत. ‘सैराट’, ‘दृश्यम’, ‘कहानी’ आणि ‘अंधाधुन’ यांचे शेवट फक्त त्यांच्या त्यांच्या प्रश्नाखाली आहेत आणि प्रश्नातच चित्रपटाचं नाव आहे. ‘सैराट’च्या प्रश्नाखाली ‘धडक’चाही शेवट आला आहे. पाहिला नसेल तर तो प्रश्न ओलांडून पुढे जा. जुन्या, घराघरात ठाऊक असलेल्या चित्रपटांबाबत मात्र हात राखलेला नाही.

गोष्ट आणि कथानक यांत फरक काय?

जे घडलं ते घडलं त्याच क्रमानं सांगितलं की ती गोष्ट. तेच आधी काय सांगायचं, मागाहून काय सांगायचं आणि काय दडवून ठेवायचं हे ठरवून मांडलं की कथानक. ‘थ्री इडियट्स’ची (२००९) गोष्ट तीन मुलं इंजिनिअरिंग कॉलेजात येतात तिथून सुरू होते. कथानक सुरू होतं कितीतरी वर्षांनंतर, हरवलेल्या मित्राचा पत्ता लागल्याची खबर मिळते तेव्हा. त्यामुळे कॉलेजातला प्रत्येक प्रसंग बघताना आपल्या मनात एकच असतं, हा माणूस पुढे गेला कुठे?

कथानक उलगडून बघायला मला एक प्रश्न फार कामाचा वाटतो. या चित्रपटात काय लपवलेलं आहे, आणि ते कोणाला माहीत आहे? विनोदी चित्रपटात प्रेक्षकाला सगळं माहीत असतं, पडद्यावरच्या माणसांना नसतं. रहस्यपटात पडद्यावरच्या एखाद्याला माहीत असतं आणि आपण अंधारात असतो. प्रेमकथेत त्या दोघांचं जमलंय हे साऱ्या थिएटरला कळलेलं असतं. कळायचं असतं ते त्यांना स्वतःला, नाहीतर त्यांच्या घरच्यांना. खालची बरीच उत्तरं हाच धागा धरून आहेत.

प्रेमकथेचा शेवट आधीच ठाऊक असतो. तरी आपण अडीच तास बसतो काहून?

अडसर बघायला. दोघं भेटतात ही काही कथा झाली नाही. कथा सुरू होते ती मध्ये कोण किंवा काय उभं राहतं तिथून. आणि तो अडसर काळाप्रमाणे कसा बदलत गेला हे बघणं मोठं गमतीचं आहे. ‘बॉबी’त (१९७३) पैसा आडवा येतो, मुलगा श्रीमंताचा आणि मुलगी कोळ्याची. ‘कयामत से कयामत तक’मध्ये (१९८८) दोन घराण्यांचं जुनं वैर आहे आणि त्याची किंमत दोन्ही पोरं जिवानं मोजतात. ‘एक दूजे के लिये’ (१९८१) यांत मला सगळ्यात हुशारीनं रचलेला वाटतो. तमिळ मुलगा, उत्तरेकडची मुलगी, घरं शेजारीशेजारी. घरचे सरळ नकार देत नाहीत, एक अट घालतात: वर्षभर भेटायचं नाही, पत्र नाही, काही नाही, त्यानंतरही वाटलं तर बघू. या एका अटीनं कथानकाला घड्याळ लागतं. आता प्रत्येक दिवस मोजला जातो, आणि एखादा गैरसमज झाला तर तो दूर करायला भेटही होऊ शकत नाही. के. बालचंदर यांनी हीच कथा आधी तेलुगूत ‘मरो चरित्र’ (१९७८) म्हणून केली होती.

‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये (१९९५) पळून जायची वाट मोकळी असते. मुलीची आई स्वतः दागिने हातात ठेवून सांगते, घेऊन जा हिला. नायक नाही म्हणतो. त्याला मुलगी तिच्या बापाच्या हातून हवी आहे. म्हणजे अडसर बाहेरून लादलेला होता, तो नायकानं आपणहून पत्करला. इथे हिंदी प्रेमकथेनं वळण घेतलं असं मी मानतो.

आणि मग ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०). खलनायक नाही, घरचा विरोध नाही. मुलाला नकार द्यायला मुंबईची मुलगी पुण्यात येते आणि एका दिवसात जे बोलणं होतं तेच कथानक. अडसर आहे तो तिच्या मनात. असं लिहिणं सगळ्यात अवघड, कारण हाणामारी आणि पळापळ यांचा आधार सुटतो आणि सगळा भार संवादांवर येतो.

पोरीचा बापच दरवेळी आडवा येते, असं काहून?

कारण आपल्या घरांत परवानगी त्याच्याकडे मागायची असते. चित्रपटानं हे शोधून काढलेलं नाही. विदर्भातल्या कोणत्याही घरात मुलीनं कोणाचं नाव घेतलं की पहिला प्रश्न ‘आपल्यातला आहे का?’ हाच येतो. फरक पडतो तो बाप कसा लिहिला आहे यावर. ‘दिलवाले’मधला बाप लंडनमध्ये पहाटे कबुतरांना दाणे टाकत आपल्या पंजाबची आठवण काढताना पहिल्यांदा भेटतो. त्याचं हट्टीपण कुठून आलं हे आपल्याला आधी कळतं, म्हणून पुढे त्याचा राग आला तरी त्याला टाकून देता येत नाही. ज्या चित्रपटात बापाला नुसत्या मिशा आणि बंदूक दिलेली असते, तिथे त्याचं मन वळलं काय आणि नाही काय, आपल्याला काही वाटत नाही.

‘सैराट’चा शेवट इतका अंगावर येतो, तो कशामुळे?

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) पाहताना पूर्वार्धात आपण वेगळाच चित्रपट पाहत असतो. विहीर, ऊस, कॉलेज, गाणी, पाटलाची बुलेट चालवणारी मुलगी. जातीचा प्रश्न तिथेही असतो, पण तो गाण्यांच्या मागे राहतो. मग पळापळ होते आणि दोघं हैदराबादला झोपडपट्टीत पोचतात. इथे बहुतेक प्रेमकथा थांबल्या असत्या. ‘सैराट’ थांबत नाही. पाणी भरणं, नोकरी, घाण वास, संशय, भांडण, पुन्हा एकत्र येणं हे सगळं तो निवांतपणे दाखवतो. काही प्रेक्षकांना हा भाग लांबलेला वाटतो. माझ्या मते शेवटाची सगळी ताकद इथे साठवलेली आहे. त्यांचं लग्न होतं, मूल होतं, घर लागतं. आपणही सैलावतो, सुटले बिचारे, असं वाटू लागतं.

तेव्हा माहेरची माणसं सामान घेऊन दारात येतात. भाऊ आलाय म्हणून ती चहा टाकते. मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं. खून आपल्याला दाखवत नाहीत. दाखवतात ते परत आलेलं मूल, आणि त्याची दाराबाहेर उमटत जाणारी रक्ताची इवली पावलं. आवाज पूर्ण बंद. पूर्वार्धभर गाण्यांनी भरून राहिलेल्या चित्रपटातून आवाजच काढून घेतला जातो.

माझ्या प्रश्नाच्या भाषेत सांगायचं तर, दारात आलेल्या माणसांना काय करायचंय हे त्यांनाच ठाऊक असतं. आपण आणि नायिका आर्ची दोघंही अंधारात. प्रेमकथा म्हणून सुरू झालेला चित्रपट शेवटच्या काही मिनिटांत थरारपटाची चाल खेळतो.

हिंदी ‘धडक’मध्ये (२०१८) कथा उदयपूरहून कोलकात्याला जाते आणि शेवटी नवरा आणि मूल मारले जातात, बायको मागे राहते. धक्का तिथेही आहे. पण एकटं उरलेलं मूल पुढे कोणत्या जगात वाढणार हा मूळ चित्रपटाचा प्रश्न तिथे उरत नाही, आणि तो गेला याची मला खंत वाटते.

कथानकात योगायोग आला की लेखक कमी पडला असं समजायचं का?

सुरुवातीला आला तर मुळीच नाही. ‘द लंचबॉक्स’मध्ये (२०१३) डबा चुकीच्या टेबलावर जातो, ‘जब वी मेट’मध्ये (२००७) रतलामला गाडी सुटते, ‘हेरा फेरी’त (२०००) खंडणीचा फोन भलत्याच नंबरवर लागतो. या योगायोगांनी माणसं अडचणीत येतात आणि त्यातून बाहेर पडायला त्यांना धडपडावं लागतं. तेच शेवटी कोणीतरी अचानक येऊन सगळं निस्तरून गेलं, की अडीच तासांची धडपड फुकट जाते. तिथे मात्र मी लेखकाला माफ करत नाही.

मध्यंतरामुळे कथानक बदलतं का?

बदलतं, आणि बरंच. आपल्याकडे लिहितानाच दोन अर्ध्या भागांचा विचार होतो. मध्यंतराआधी असं काही घडायला हवं की माणूस समोसा घ्यायला उठला तरी डोक्यात तेच घेऊन उठेल. ‘दिलवाले’ पूर्वार्धात युरोपात फिरतो आणि उत्तरार्धात पंजाबातल्या एका घरात कोंडला जातो. दोन वेगळी ठिकाणं, दोन वेगळे स्वभाव. मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत पाहणाऱ्यांना ही रचना जाणवत नाही. लिबर्टी, पंचशील, सुदामा ही चित्रपटगृहांची नावं ऐकत वाढलेल्या नागपूरकरांना ती अंगवळणी पडलेली आहे.

विनोदी चित्रपटाचं कथानक इतकं गुंतागुंतीचं का असतं?

कारण एक खोटं टिकवायला दुसरं लागतं. विनोदी कथानक रचणाऱ्याचं कसब इथे दिसतं: पहिलं खोटं इतकं साधं आणि गरजेचं असलं पाहिजे की आपणही तेच बोललो असतो.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घ्या. पुण्यात चार मित्रांना राहायला जागा नाही. घरमालकीण फक्त जोडप्यांनाच जागा देते. मग दोघं नवरे होतात आणि दोघं बायका. ही पहिली पायरी. आता बायका झालेल्यांना चोवीस तास बायका राहणं भाग आहे, कारण मालकीण त्याच वाड्यात आहे आणि तिला या सुनांसारख्या मुलींचा लळा लागतो. त्यात प्रत्येकाला बाहेर कोणीतरी आवडू लागतं. नवरा झालेला माणूस आपलं लग्न झालेलं नाही हे प्रेयसीला कसं पटवणार? बायको झालेला तर आपण पुरुष आहोत हेच आधी सांगू शकत नाही. एकेक पात्र आत येतं तसतसं ‘हिला काय सांगितलंय आणि त्याला काय’ याचा हिशेब वाढत जातो आणि प्रेक्षक तो हिशेब मनात ठेवत हसत असतो. साडी, टोप, आवाज बदलणं हे वरवरचं हसू. खरं हसू येतं ते आपल्याला सगळं ठाऊक असल्यामुळे.

हृषीकेश मुखर्जींच्या ‘गोलमाल’मध्येही (१९७९) हेच यंत्र आहे, फक्त माणूस एकच आहे. नोकरीवरचा तरुण आई आजारी असल्याचं सांगून हॉकीचा सामना बघायला जातो. साहेबही तिथेच. दुसऱ्या दिवशी उत्तर तयार: तो मी नव्हेच, माझा बिनमिशीचा जुळा भाऊ. झालं, आता भाऊ उभा करा, आई उभी करा. साहेबाचा मिशीवर विश्वास आहे ही एवढीशी लकब, पण सगळं कथानक तिच्यावर तोललेलं आहे. मिशी असली की एक माणूस, काढली की दुसरा.

हे नाटकातून आलं का?

बरंचसं. बबन प्रभूंचे फार्स, आचार्य अत्र्यांचं ‘मोरूची मावशी’ हे मराठी प्रेक्षकानं चित्रपटाआधी पचवलेलं होतं. वेषांतर, एका दारानं एक गेला की दुसऱ्या दारानं दुसरा, हे त्याला समजावून सांगावं लागत नव्हतं.

आपल्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे, तिचा उल्लेख चित्रपटाच्या पुस्तकांत फारसा होत नाही. झाडीपट्टी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात धानाची कापणी झाली की गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्याचं मोठं ठाणं. त्या नाटकांत कौटुंबिक रडू, प्रेमकथा, खलनायक, लावणी आणि विनोदी जोडी हे सगळं एकाच रात्रीत असतं. रडवणारा प्रवेश संपतो न संपतो तोच विनोदी नट येतो. शहरी समीक्षक ज्याला मसाला म्हणून नाक मुरडतात, ते आमच्या पूर्व विदर्भातल्या प्रेक्षकाला लहानपणापासून स्वाभाविक वाटत आलं आहे. रात्रभर जागणाऱ्या माणसाला एकच रस देऊन भागत नाही, हे त्या नाटककारांना पक्कं कळलेलं आहे.

दुसऱ्या भाषेतून घेतलेली कथा म्हणजे चोरी नाही का?

हक्क घेऊन, नाव देऊन केली तर नाही. न विचारता उचलली तर ते गैरच. कथानकाच्या बाजूनं पाहिलं तर मात्र रुजली का हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘बनवाबनवी’च्या मागे ‘बीवी और मकान’ (१९६६) आहे, ‘धुमधडाका’च्या (१९८५) मागे तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४), ‘हेरा फेरी’च्या मागे मल्याळी ‘रामजी राव स्पीकिंग’ (१९८९), ‘चुपके चुपके’च्या (१९७५) मागे बंगाली ‘छद्मबेशी’. यांतला एकही आज उसना वाटत नाही. ‘बीवी और मकान’ किती जणांनी पाहिलाय? ‘बनवाबनवी’ मात्र लोकांना पाठ आहे. भाड्याच्या खोलीसाठीची वणवण हा मराठी मध्यमवर्गाचा स्वतःचा अनुभव होता, म्हणून ती कथा इथे घर करून बसली.

रहस्यपट आणि थरारपट यांत फरक कसा करायचा?

रहस्यपटात ‘कोणी केलं?’ हे शेवटपर्यंत झाकलेलं असतं. ‘इत्तेफाक’ (१९६९) तसा आहे. थरारपटात बऱ्याचदा कोणी केलं हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं, पकडला जाईल का एवढंच उरतं. श्रीराम राघवन यांच्या ‘जॉनी गद्दार’मध्ये (२००७) टोळीतला गद्दार कोण हे प्रेक्षकाला लवकरच सांगून टाकलेलं आहे. टोळीतल्या इतरांना ते माहीत नाही, आणि त्यांतला एकेक जण सत्याच्या जवळ येतो तसा आपला श्वास अडकतो. यातली गंमत बघा: आपण गद्दाराच्या बाजूनं घाबरतो.

रहस्यपट दुसऱ्यांदा बघताना वेगळा भासतो, कारण आता आपण खुणा शोधत असतो. चांगला थरारपट दुसऱ्यांदाही तितकाच घाबरवतो. दोघांत डावं-उजवं करायला सांगितलं तर मी थरारपटाच्या बाजूला बसेन.

‘दृश्यम’मध्ये पोलीस फसतात हे पटतं कसं?

जीतू जोसेफ यांचा मल्याळी ‘दृश्यम’ २०१३चा. हिंदीत तो २०१५ला ‘डोंबिवली फास्ट’वाल्या निशिकांत कामत यांनी केला, गोव्यात. केबलचा धंदा करणारा, चौथी नापास, चित्रपटांचा वेडा माणूस. त्याच्या घरात एका रात्री, २ ऑक्टोबरला, एक मुलगा मारला जातो आणि तो मुलगा पोलीस महानिरीक्षक बाईंचा असतो.

हा माणूस खोटा प्रवास रचत नाही, इथे खरी अक्कल आहे. तो बायको-मुलींना घेऊन खरोखरच पणजीला जातो, प्रवचन ऐकतो, हॉटेलात जेवतो, चित्रपट बघतो, मुक्काम करतो. फक्त हे सगळं घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून. मग काही दिवसांनी तो त्याच माणसांना पुन्हा भेटून बोलता बोलता आदली तारीख त्यांच्या मनात पेरतो. बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, चित्रपटगृहातला माणूस, सगळे प्रामाणिकपणे साक्ष देतात. कोणीही खोटं बोलत नाही. माणूस पाहिलेलं लक्षात ठेवतो, तारीख ठेवत नाही, या एका निरीक्षणावर सगळा डोलारा आहे, आणि तो पडत नाही कारण आपलंही तसंच आहे. मागच्या महिन्यात नागपुरातल्या बर्डीवर खरेदीला कोणत्या तारखेला गेलो होतो, सांगता येईल?

प्रेत कुठे आहे हे शेवटी आपल्याला कळतं: बांधकाम चालू असलेल्या नव्या पोलीस ठाण्याच्या खाली. म्हणजे कट आपल्याला अर्धा माहीत होता, उरलेला अर्धा आपल्यापासूनही लपवलेला होता. थरार आणि रहस्य दोन्ही एकाच वेळी.

आता हा चित्रपट ‘गोलमाल’च्या शेजारी ठेवून बघा. साधा माणूस, समोर अधिकार असलेली व्यक्ती, एक खोटं, ते टिकवण्यासाठी कामाला लावलेलं सगळं घर. कथानकाचा सांगाडा तोच. तिकडे पकडला गेला तर नोकरी जाते, इकडे घर उद्ध्वस्त होतं.

‘कहानी’त आपण इतके कसे फसलो?

कोलकात्यात दुर्गापूजेच्या दिवसांत एक गरोदर बाई हरवलेल्या नवऱ्याला शोधत फिरते. ‘कहानी’ (२०१२) पाहताना आपण तिला सांभाळून घेतो, तिथला तरुण पोलीस घेतो तसंच. शेवटी कळतं की पोट खोटं आहे आणि ती सूड घ्यायला आली आहे. ‘बनवाबनवी’तला टोप आणि हे पोट यांत काहीही फरक नाही. विनोदी चित्रपट सोंग चढवताना आपल्याला दाखवतो, थरारपट ते चढवून झाल्यावर आपल्याला आत घेतो. आणि गरोदर बाईवर कोणी संशय घेत नाही, हा आपला चांगुलपणाच लेखकानं झाकण म्हणून वापरला.

गाणी थरार मोडतात ना?

मोडतात, जर ती उपरी असतील. म्हणूनच बी. आर. चोप्रांनी ‘कानून’ (१९६०) आणि यश चोप्रांनी ‘इत्तेफाक’ गाण्यांशिवाय केले. पण ‘कर्ज’ (१९८०) पाहा. गेल्या जन्मी बायकोनं मारलेला माणूस गायक होऊन पुन्हा जन्मतो आणि गिटारवरची एक धून वाजली की त्याला तुटक तुटक आठवू लागतं. पुढे त्या बाईला घाबरवायला तो रंगमंचावर सगळा खून गाण्यातून उभा करतो. इथे संगीत काढलं तर पुरावाही जातो आणि हत्यारही.

‘अंधाधुन’च्या शेवटी नेमकं काय झालं?

हा प्रश्न दर वेळी येतो. आंधळा असल्याचं नाटक करणारा पुण्यातला पियानोवादक, त्यानं पाहिलेला खून, नंतर खरंच गेलेली दृष्टी. शेवटी दोन वर्षांनी तो युरोपात मैत्रिणीला सगळी हकीकत सांगतो: एक ससा गाडीसमोर आला आणि अपघातात ती खुनी बाई गेली. मग रस्त्यावर चालताना काठीनं तो एक डबा अचूक उडवतो. काठीच्या मुठीवर सशाचं डोकं आहे.

माझं मत: त्याला दिसतं, आणि सांगितलेली हकीकत त्यानं शेवटच्या भागात बदललेली आहे. डोळे कुठून आले याचं उत्तर फार सुखाचं नाही. गाडीतल्या डॉक्टरचा बेत आठवा, त्या बाईचे डोळे याला बसवायचा. पण चित्रपट हे शिक्कामोर्तब करत नाही आणि करायलाही नको. दोन तास आपण त्याच्या नाटकात सामील होतो, तेव्हा तो फक्त इतरांना फसवत होता. डबा उडतो तेव्हा कळतं की आता आपणही इतरांतच आहोत.

या सगळ्यात नागपूर कुठे आहे?

चांगलंच आहे. ‘कर्ज’चे सुभाष घई जन्मानं नागपूरचे. राजकुमार हिराणीही नागपूरचेच, आणि त्यांच्या कथानकांकडे मी नेहमी बोट दाखवतो. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ (२००३) सुरू होतो आईबापांना सांगितलेल्या खोट्यापासून, की मुलगा डॉक्टर आहे. ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) रेडिओवर बोलणाऱ्या मुलीला आपण प्राध्यापक आहोत असं भासवण्यापासून. ‘थ्री इडियट्स’मध्ये नायक शिकतोच दुसऱ्याच्या नावावर. म्हणजे सामान जुन्या फार्सचं. हिराणी त्यात भर घालतात ती एवढीच की खोटं बोलून जिथे शिरायचं, ते इस्पितळ किंवा कॉलेज स्वतःच आतून बिघडलेलं असतं आणि खोटा माणूस तिथे खरं बोलू लागतो. ‘लगे रहो’तली गांधींवरची प्रश्नमंजुषाही २ ऑक्टोबरची, आणि ‘दृश्यम’मधली तारीखही तीच.

पडद्यावरचं नागपूर पाहायचं तर मंजुळेंचा ‘झुंड’ (२०२२). नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावर तो आधारलेला आहे. तो प्रेमकथा नाही, पण भिंतीपलीकडच्या कॉलेजातल्या मुलीकडे बघणारा वस्तीतला पोट्टा त्यात आहे, आणि ती भिंत कुठल्याही बापापेक्षा मोठा अडसर आहे. आपली बोली चित्रपटांत बहुतेक वेळा नोकराच्या किंवा विदूषकाच्या तोंडी येते. ‘झुंड’मध्ये ती मुख्य पात्रांच्या तोंडी आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

तिन्ही प्रकार एकत्र असलेला एखादा चित्रपट सांगा.

‘तीसरी मंजिल’ (१९६६). बहिणीच्या मृत्यूला जबाबदार वाटणाऱ्या ड्रमवादकाचा सूड घ्यायला मुलगी मसुरीला येते, आणि नाव लपवून भेटलेल्या त्याच माणसाच्या प्रेमात पडते. एकच लपवलेलं नाव प्रेमकथेला पुरतं, विनोदाला पुरतं आणि रहस्यालाही. विनोद आणि खून यांचं मिश्रण हवं असेल तर ‘जाने भी दो यारों’ (१९८३).

चित्रपटाचं कथासार लिहायचं आहे. सुरुवात कशी करू?

नटांच्या नावांपासून करू नका. कोणाला काय हवं आहे, आडवं काय आलं आणि मध्यावर काय बदललं, एवढं लिहा. ‘लंचबॉक्स’चं असं होईल: नवऱ्याचं मन वळवायला मुंबईतली एक गृहिणी जीव ओतून डबा करते, पण तो रोज जातो निवृत्तीला आलेल्या एका विधुर कारकुनाकडे. डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात आणि दोन एकटी माणसं न भेटता जवळ येतात. भेट ठरते तेव्हा तो तिला लांबून बघतो, आणि आपलं वय त्याला पुढे जाऊ देत नाही.

इथे थांबायचं. विशेषणं गाळली तरी वाचणाऱ्याला बघावंसं वाटलं, तर सार जमलं.

नव्यानं लक्ष देऊन बघायचं ठरवलं, तर कुठून सुरू करू?

जोड्या करून बघा. ‘गोलमाल’ आणि मग ‘दृश्यम’. ‘बनवाबनवी’ आणि मग ‘कहानी’. ‘एक दूजे के लिये’ आणि मग ‘सैराट’. जोडीतला दुसरा लगेच त्याच रात्री नको. मध्ये एखादा दिवस जाऊ द्या आणि दुसरा बघताना कागदावर फक्त एवढं टिपा की कोणतं गुपित कोणाला कधी कळलं. ‘दृश्यम’ शक्य असेल तर मल्याळी बघा, सबटायटल्स वाचावी लागली तरी चालेल.